'अनकॉन्स्टिट्यूशनल' हा शब्द ओळीच्या शेवटी कुठे तोडावा?

मुद्रितशोधक, फोंडा

एका द्वैभाषिक स्मरणिकेची प्रुफे सध्या माझ्याकडे तपासण्यासाठी आली आहेत. विषय कायद्याचा आहे, पानाला दोन स्तंभ आहेत, डावीकडे मराठी मजकूर आणि उजवीकडे इंग्रजी. स्तंभ इतका अरुंद आहे की लांब इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी तोडल्यावाचून गत्यंतर नाही, आणि नेमका 'अनकॉन्स्टिट्यूशनल' हा १६ रोमन अक्षरांचा शब्द एका ओळीच्या कडेवर येऊन अडला आहे. पहिल्या प्रुफात तो एस या अक्षरानंतर तुटलेला होता. म्हणजे वरच्या ओळीत 'अनकॉन्स' आणि खालच्या ओळीत 'टिट्यूशनल'. मी तांबड्या शाईने खूण केली, एस खालच्या ओळीत ढकलायला सांगितले आणि पान परत पाठवले.

गोष्ट तेवढ्यावरच मिटली असती. परंतु त्या छापखान्यात एक वृद्ध गृहस्थ अजूनही दुपारचे येऊन बसतात. गोवामुक्तीच्या आधी, पोरवयात, ते पणजीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्याच्या कामाला लागले होते; त्यामुळे सगळे त्यांना जुळारीबाब म्हणतात. त्यांनी माझी खूण पाहून मान हलवली आणि म्हणाले, "एस मागच्याच तुकड्यात राहतो, मास्तर. आम्ही तो नेहमी तसाच तोडला." मी इंग्रजी शब्दकोश उघडून दाखवला. त्यात अन, कॉन, स्टि, ट्यू, शन आणि अल असे सहा तुकडे ठिपक्यांनी वेगळे केलेले आहेत आणि एस हा तिसऱ्या तुकड्याच्या आरंभी आहे. ते पाहूनही त्यांचे मत बदलले नाही.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की शब्दकोशातले ते ठिपके नेमके काय दाखवतात हे मलाही नीट सांगता येणार नाही. ते उच्चार दाखवतात, शब्दाची घडण दाखवतात, की केवळ छापखान्याची सोय पाहतात? जाणकारांनी कृपया लिहावे. इथे संस्कृत, इंग्रजी आणि कायदा या तिन्ही प्रांतांतली मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढण्याचे धाडस केले.

बारदेशी बाय

मी म्हापशाजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि हे ठिपके दरवर्षी वर्गात भांडण लावतात, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच सांगते. अमेरिकेतील मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशात मुख्य शब्दाच्या पोटात जे ठिपके असतात ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येतो हे दाखवण्यासाठी असतात. उच्चारातले अवयव (सिलेबल) त्याच नोंदीत पुढे स्वतंत्रपणे दिलेले असतात आणि ते दोन्ही प्रत्येक वेळी जुळतातच असे नाही. तुमचाच शब्द घ्या. ठिपके 'शन' आणि 'अल' असे तुकडे पाडतात. तोंडाने मात्र आपण 'श-नल' असे म्हणतो. एन हा व्यंजनवर्ण पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो. घाईत बोलणारा माणूस तर 'श्नल' असा एकच अवयव करून टाकतो, आणि मग सहा अवयवांचा शब्द पाच अवयवांचा होतो. म्हणून मुलांना मी सांगते की ठिपके मोजून अवयव मोजू नका, हनुवटीखाली हात धरा आणि ती किती वेळा खाली येते ते मोजा.

ठिपक्यांची ही परंपरा बरीच जुनी आहे आणि तिच्यातही भांडणे झालेली आहेत. नोआ वेब्स्टर यांनी १७८३ साली मुलांसाठी शब्दलेखनाचे पुस्तक काढले, तेव्हा आधीच्या इंग्रजी पुस्तकांतली विभागणी त्यांनी सरळ मोडीत काढली. त्या पुस्तकांत 'हॅबिट' हा शब्द 'हॅ-बिट' असा आणि 'क्लस्टर' हा शब्द 'क्ल-स्टर' असा तोडलेला असे. वेब्स्टर यांचे म्हणणे असे होते की पहिला स्वर आखूड उच्चारला जातो हे मुलाला कळायचे असेल, तर पुढचे व्यंजन त्याच तुकड्यात ठेवले पाहिजे. म्हणून 'हॅब-इट' आणि 'क्लस-टर'. याचा अर्थ एस आणि टी एकत्र ठेवावेत की वेगळे, हा वाद जुळारीबाबांच्या आधीपासून इंग्रजीतही होता. आपल्या शब्दात एस पुढे जातो याचे कारण एवढेच की मागच्या तुकड्याला बंद करायला एन आधीच हजर आहे आणि 'स्ट' या जोडीने इंग्रजी शब्द सुरू होऊ शकतो: स्टोन, स्टिक, स्टँप. जी व्यंजने शब्दारंभी चालतात ती शक्यतो पुढच्या अवयवाला द्यावीत असा इंग्रजी उच्चाराचा साधारण कल आहे.

एक गोष्ट आघाताबद्दलही सांगते, कारण आपण मराठी माणसे ती हमखास चुकवतो. 'कॉन्स्टिट्यूट' या क्रियापदात आघात पहिल्या अवयवावर येतो. त्याला 'शन' लागले की आघात उचलून 'ट्यू'वर जातो, कारण या प्रत्ययाला आपल्या लगेच मागच्या अवयवावरच जोर लागतो. पुढे 'अल' लागले, मागे 'अन' लागले, तरी तो तिथून हलत नाही. आपण मात्र सहाही अवयव एका तोलाने म्हणतो, जणू सहा भावंडांत ताटे वाटून दिली आहेत.

मासळीबाजार

आमच्याकडे कोर्टात नुसते 'अनकॉन्स्टुशनल' म्हणतात. एक अवयव कुणीतरी आधीच खाऊन टाकलेला असतो.

लघुगुरू, वाळपई

धागा वाचून आनंद झाला. मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे आणि इंग्रजीबद्दल अधिकाराने बोलणार नाही. परंतु लिहिलेले अक्षर आणि बोललेला अवयव यांतला भेद आपल्याला परका नाही, तो आपण रोज डोळ्यांसमोर असूनही पाहत नाही एवढेच.

'पुस्तक' हा शब्द देवनागरीत पु, स्त आणि क अशा तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणताना आपण 'पुस्-तक्' म्हणतो. म्हणजे स् मागे राहतो, त पुढे जातो आणि शेवटचा अकार गळतो. लिपीने स् आणि त यांची मोट बांधून दोन्ही पुढे ढकललेले असतात, जिभेने ती मोट सोडलेली असते. छंदःशास्त्राने मात्र जिभेचे ऐकले आहे. पाणिनीचे 'संयोगे गुरु' हे सूत्र सांगते की जोडाक्षराच्या मागचा ऱ्हस्व स्वरही गुरू मानावा. का मानावा? कारण जोडाक्षरातले पहिले व्यंजन मागच्या स्वराला टेकते आणि तो अवयव जड होतो. म्हणून वृत्तात 'पुस्तक' हा गुरू, लघू, लघू असा भगण होतो, जरी 'पु'वर दीर्घ मात्रा नसली तरी. जुळारीबाब एस मागे ठेवतात तेव्हा ते 'संयोगे गुरु' याच जातीचे काही तरी करत असावेत, असे मला वाटून गेले.

हाच नियम इंग्रजी शब्दाच्या आपल्या लेखनाला लावून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. 'ट्यू' असे लिहिले तर जोडाक्षरामुळे मागचा 'स्टि' गुरू होतो. अमेरिकी पद्धतीने 'टू' लिहिले तर तोच 'स्टि' लघू राहतो. वृत्तात हा शब्द बसवणाऱ्या कवीला आधी अटलांटिकच्या कोणत्या काठावर उभे राहायचे ते ठरवावे लागेल.

घडणीबद्दलही एक निरीक्षण नोंदवतो. इंग्रजीतला 'अन' आणि आपला नकारार्थी 'अन्' हे सारखे दिसतात. 'कॉन' म्हणजे आपला 'सम्', आणि 'स्टिट' हा 'स्था' असावा. म्हणजे 'कॉन्स्टिट्यूशन' हा शब्दशः 'संस्था' झाला. संविधानाला त्यांनी संस्था म्हटले आणि आपण विधान म्हटले, असे म्हणता येईल काय?

पाटोचा वाचक

लघुगुरू सरांच्या तीन जुळवण्यांपैकी दोन पक्क्या आहेत आणि एक फसवी आहे. फसवी ती आधी सांगतो. 'कॉन' आणि 'सम्' यांचा अर्थ जवळपास सारखा आहे, तरी ते एका मुळाचे नाहीत. 'सम्'चे नातेवाईक पाहायचे असतील तर ग्रीकमधील 'होमो' आणि लॅटिनमधील 'सिमुल' यांच्याकडे जावे लागते. लॅटिनचा 'कॉम' हा वेगळ्याच घराण्यातला आहे. दिसणे सारखे असले की नाते असतेच असे नाही, आणि नाते असले की दिसणे सारखे असतेच असेही नाही.

उरलेली दोन्ही नाती मात्र खरी आहेत. इंग्रजीचा 'अन' हा लॅटिनकडून आलेला नाही. तो जुन्या इंग्रजीचा घरचा उपसर्ग आहे आणि जर्मनमध्येही तो 'उन' या रूपात आहे. लॅटिनचा 'इन', ग्रीकचा 'अ' किंवा 'अन' आणि संस्कृतचा 'अ' किंवा 'अन्' हे सगळे त्याचे सख्खे भाऊ आहेत. त्यामुळे 'अनकॉन्स्टिट्यूशनल' हा शब्द जरा विजोड संसार आहे: डोक्यावर इंग्रजी टोपी आणि खाली सगळा पोशाख लॅटिन. 'इनकम्प्लीट', 'इम्पॉसिबल', 'इल्लीगल' यांत लॅटिन शब्दाला लॅटिनच नकार लागला आणि पुढच्या व्यंजनाप्रमाणे त्याने रूपही बदलले. 'अन' आपले लेखन कधी बदलत नाही, आणि म्हणूनच तो शब्दापासून थोडा सुटा वाटतो.

आता धातूकडे येतो. लॅटिनमध्ये 'स्तारे' म्हणजे उभे राहणे आणि 'स्तातुएरे' म्हणजे उभे करणे. मागे 'कॉन' लागल्यावर मधल्या अवयवातला 'आ' झिजून 'इ' झाला आणि 'कॉन्स्तितुएरे' असे क्रियापद तयार झाले. लॅटिनमध्ये उपसर्ग लागल्यावर अशी झीज वारंवार दिसते. इन्स्टिट्यूट, सब्स्टिट्यूट, डेस्टिट्यूट ही सगळी त्याच 'स्तातुएरे'ची नातवंडे. आपण ज्या 'इस्टेटी'साठी भाऊबंदकी करतो ती इस्टेटही याच 'स्तारे'च्या कुळातली, आणि ज्या राजवटीखाली इथे साडेचार शतके गेली त्या 'इश्तादु द इंदिया'मधला, म्हणजे पोर्तुगीजांच्या इथल्या राज्याच्या नावातला, 'इश्तादु' हाही.

मला सर्वांत मौज वाटते ती 'टी-आय-ओ-एन' या चार अक्षरांची. शाळेत आपण 'शन' हा प्रत्यय म्हणून शिकतो. आजच्या इंग्रजीच्या अंगाने पाहिले तर ते चूक आहे: 'कॉन्स्टिट्यूट' हा पूर्ण शब्द आधीच हातात आहे, त्याच्या शेवटी टी आहे, म्हणून प्रत्यय फक्त 'आय-ओ-एन' एवढाच ठरतो आणि टी हा अंगाचा, म्हणजे प्रत्ययाआधीच्या मूळ रूपाचा, भाग राहतो. परंतु लॅटिनच्या अंगाने पाहिले तर अंग 'कॉन्स्तितु' एवढेच आहे आणि प्रत्यय 'तिओन' असा आहे. या प्रत्ययातला 'ति' आणि आपल्या 'गति', 'मति', 'स्थिति' यांतला 'ति' हा एकच. म्हणजे 'स्टेशन' आणि 'स्थिती' हे शब्द धातूने आणि प्रत्ययाने, दोन्ही बाजूंनी, एकमेकांचे भाऊ ठरतात. करमळीच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना हे आठवले की उशीर तेवढा जाचत नाही.

सर्वांत वरचा प्रश्न असा की हे तुकडे कोणत्या क्रमाने जोडले गेले. 'अनकॉन्स्टिट्यूशन' असे नाम इंग्रजीत रूढ नाही, कारण 'अन' हा साधारणतः विशेषणाला लागतो. म्हणून आधी 'कॉन्स्टिट्यूशन'ला 'अल' लागून विशेषण झाले आणि मग त्या संपूर्ण विशेषणाला 'अन' लागला. तुकडे ओळीने मांडलेल्या मण्यांसारखे नसून एकात एक बसवलेल्या डब्यांसारखे असतात. क्रम बदलला तर अर्थही बदलतो याचे इंग्रजीतले नेहमीचे उदाहरण 'अनलॉकेबल' हे आहे: आधी 'लॉकेबल' करून मग 'अन' लावला तर 'ज्याला कुलूप लावता येत नाही' असा अर्थ होतो, आणि आधी 'अनलॉक' करून मग 'एबल' लावला तर 'ज्याचे कुलूप काढता येते' असा अर्थ होतो.

लघुगुरू, वाळपई

'सम्'बद्दलची दुरुस्ती मान्य आहे आणि त्याबद्दल आभार. क्रमाचा जो मुद्दा आपण मांडलात त्याला संस्कृतात फार सुंदर पुरावा मिळतो, तो देण्यापुरता पुन्हा येतो.

'इक' प्रत्यय लागला की शब्दाच्या पहिल्या स्वराची वृद्धी होते: नीतीपासून नैतिक, धर्मापासून धार्मिक, अध्यात्मापासून आध्यात्मिक. आता 'अनैतिक' हा शब्द पाहा. तो 'अनीति' या नामाला 'इक' लागून झाला असता तर वृद्धी पहिल्या स्वराची, म्हणजे 'अ'ची, झाली असती आणि 'आनीतिक' असे रूप आले असते. तसे झाले नाही. वृद्धी 'नी'ची झालेली आहे. म्हणजे आधी नैतिक तयार झाले आणि नंतर त्याच्यापुढे 'अ' येऊन उभा राहिला. इंग्रजीत जो क्रम तर्काने काढावा लागतो तो इथे स्वराच्या अंगावर लिहिलेला आहे. इतकेच नव्हे, तर संस्कृत व्याकरणपरंपरेत 'अधार्मिक' आणि 'आधर्मिक' असे दोन्ही शब्द सिद्ध होतात. जो धार्मिक नाही तो अधार्मिक. जो अधर्माचे आचरण करतो तो आधर्मिक. डबे तेच आहेत, कोणता कशात ठेवला त्यावर माणसाची सज्जनता ठरते.

आपले 'असंवैधानिक' अर्थातच पहिल्या जातीचे आहे.

आल्तिनोचा वकील

भाषाशास्त्रात ढवळाढवळ करत नाही, परंतु वर जो अर्थभेद निघाला तो आमच्या रोजच्या कामाचा आहे. इंग्रजीत 'अनकॉन्स्टिट्यूशनल' म्हणजे संविधानाशी विसंगत, आणि 'नॉन-कॉन्स्टिट्यूशनल' म्हणजे संविधानाशी संबंध नसलेले. पहिल्यात दोष आहे, दुसऱ्यात नाही. नगरपालिकेने बाजारातल्या ओट्यांचे भाडे ठरवणे हा दुसऱ्या प्रकारचा विषय असू शकतो आणि त्यात कोणावर ठपका नाही. 'एक्स्ट्रा-कॉन्स्टिट्यूशनल' असा तिसरा प्रकारही आहे, म्हणजे संविधानाच्या चौकटीबाहेरचे. गंमत अशी की मराठीत आपण पहिल्या अर्थासाठी सर्रास 'घटनाबाह्य' म्हणतो, ज्याचा शब्दशः अर्थ तिसरा आहे. वर्तमानपत्रांत ते चालून जाते; मसुद्यात मी 'असंवैधानिक' किंवा 'घटनेशी विसंगत' असेच लिहितो.

आणखी एक टीप. ज्या १३व्या अनुच्छेदाच्या आधारे मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे रद्दबातल ठरतात, त्या अनुच्छेदाच्या इंग्रजी पाठात हा लांबलचक शब्द नाही. तिथे 'व्हॉइड' असा एका अवयवाचा शब्द आहे. मुद्रितशोधकांना तो तोडावा लागला नसता.

मुद्रितशोधक, फोंडा

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिलेत की मी काल संध्याकाळी हे सगळे कागदावर छापून घेतले आणि जुळारीबाबांकडे घेऊन गेलो. 'संयोगे गुरु' ऐकून ते खूश झाले, मात्र आपण तसला काही विचार केला नव्हता हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मग त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली आणि सगळा उलगडा झाला.

ते पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकलेले आहेत, आणि छापखान्यात पहिली काही वर्षे त्यांनी पोर्तुगीज मजकूरच जुळवला. पोर्तुगीजमध्ये आपल्या शब्दाचे रूप 'इन्कॉन्स्तितुसियोनाल' असे आहे. त्यातही रोमन अक्षरे १६च आहेत, परंतु तो 'इन-कॉन्स-ति-तु-सि-ओ-नाल' असा सात तुकड्यांत तुटतो आणि आघात अगदी शेवटच्या 'नाल'वर येतो. एस मागच्या तुकड्यात का, तर पोर्तुगीज शब्द एस आणि दुसरे व्यंजन यांच्या जोडीने सुरू होत नाहीत; त्या भाषेने अशा ठिकाणी आधी एक स्वर घातला आहे. 'इश्तादु'मधला पहिला स्वर तिथूनच आला, आणि आपल्या गावोगावच्या 'इस्कोला'मधलाही. जी जोडी शब्दाच्या आरंभी चालत नाही ती तुकड्याच्या आरंभीही कशी चालावी? बारदेशी बायनी इंग्रजीसाठी जो निकष सांगितला तोच इथे उलटा फिरतो. जुळारीबाबांची विभागणी चुकीची नव्हती. ती शंभर टक्के बरोबर होती, फक्त दुसऱ्या भाषेत.

वहीत त्यांनी एक शब्द हौसेने लिहून ठेवला होता, 'आन्तिकॉन्स्तितुसियोनालिस्सिमामेंत', म्हणजे 'अत्यंत घटनाविरोधी रीतीने'. २९ अक्षरांचा हा शब्द पोर्तुगीजमधला सर्वांत लांब शब्द म्हणून पिढ्यानपिढ्या मुलांकडून पाठ करून घेतला जात असे. जुळारीबाबांनी तो माझ्यासमोर तेरा तुकडे करून म्हणून दाखवला, एकदाही न अडखळता. वयाची ऐंशी ओलांडलेली आहे त्यांनी.

त्यांच्याकडून कळलेला आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पोर्तुगीजमध्ये ओळीच्या शेवटी शब्द तोडताना व्युत्पत्ती पाहत नाहीत, फक्त उच्चार पाहतात. 'असमर्थ' या अर्थाचा 'इनाबिल' हा शब्द घडणीने 'इन' अधिक 'आबिल' असा आहे, तरी तो 'इ-ना-बिल' असाच तोडतात. त्याच घडणीचा इंग्रजी 'अनएबल' मात्र 'अन' नंतर तुटतो. १९९० च्या पोर्तुगीज लेखनविषयक करारातही हा नियम लिहिलेला आहे आणि 'इ-ना-बिल' हे उदाहरण त्यात दिलेले आहे, हे मी नंतर पाहून घेतले.

लघुगुरू, वाळपई

'इ-ना-बिल' वाचून राहवले नाही. आपला 'अनेक' म्हणजे 'अन्' अधिक 'एक', आणि आपण म्हणतो 'अ-नेक'. 'अनादर' म्हणतो 'अ-नादर'. परंतु पाणिनीने याची व्यवस्था कशी लावली आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या मते नकार मुळात 'नञ्' आहे. त्यातला न् लोप पावतो आणि 'अ' उरतो. पुढे स्वर असेल तर 'तस्मान्नुडचि' या सूत्राने 'नुट्' असा आगम होतो, म्हणजे एक जादा न् येतो, आणि त्यातला ट् हा इशारा असा सांगतो की हा न् पुढच्या शब्दाच्या आरंभी बसवावा. म्हणजे पाणिनीच्या हिशेबी 'अनेक' हा 'अन्' आणि 'एक' नसून 'अ' आणि 'नेक' असाच जुळतो! आजचे भाषाशास्त्र 'अन्' हेच मूळ रूप धरील, हे मला ठाऊक आहे. तरीही व्याकरणाची घडण आणि जिभेची घडण एकाच जागी तुटावी अशी ही मांडणी पाहून मी शिकवताना दरवर्षी क्षणभर थांबत असे.

पाटोचा वाचक

सर, हे मला नवीन होते. धन्यवाद.

आता मुद्रितशोधकांच्या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर द्यायला हरकत नाही. मला वाटते 'अन' नंतर तोडावे. घडणीने तिथे सांधा आहे, उच्चाराने तिथे अवयव संपतो, शब्दकोशात तिथे ठिपका आहे, आणि पोर्तुगीजमध्येही 'इन' नंतर तोडता येते. शेवटचा 'अल' मात्र एकटा खाली सोडू नये. संगणकावर इंग्रजी शब्द तोडण्याची जी पद्धत फ्रँक लियांग यांनी १९८३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रबंधात मांडली, ती सुमारे साडेचार हजार अक्षर-नमुन्यांवर चालते. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ती वापरताना इंग्रजीसाठी खाली किमान ३ अक्षरे उरलीच पाहिजेत असे बंधन असते.

बारदेशी बाय

क्षमस्व, पण 'अन' नंतर तोडायला माझा सक्त विरोध आहे. घडण, उच्चार, ठिपके, सगळे मान्य, वाचणाऱ्याचे काय? खालच्या ओळीच्या आरंभी त्याच्या डोळ्यांना 'कॉन्स्टिट्यूशनल' असा अखंड, धडधाकट शब्द दिसणार आणि त्याचा अर्थ नेमका उलटा आहे. घाईने वाचणारा माणूस वरच्या ओळीच्या टोकाला राहिलेली दोन अक्षरे आणि ती बारीक आडवी रेघ विसरून जाईल. कायद्याच्या स्मरणिकेत एखादा निर्णय संविधानाशी सुसंगत होता असे वाचले गेले तर वकीलसाहेब काय म्हणतील? मराठी स्तंभातही हीच काळजी घ्या. 'असंवैधानिक'मधला 'अ' वरच्या ओळीत एकटा राहिला तर खाली 'संवैधानिक' उरते.

आल्तिनोचा वकील

बारदेशी बायंशी पूर्ण सहमत. तसे छापले तर मी पहिला फोन करीन.

मुद्रितशोधक, फोंडा

मराठी स्तंभ तातडीने पाहिला. पान ३१ वर 'अ' वरच्या ओळीत एकटा राहिलेला होता, आणि तो माझ्या नजरेतून दोनदा निसटला होता. बारदेशी बाय, आपले उपकार झाले.

इंग्रजी शब्दासाठी आता 'ट्यू' नंतरची जागा उरते: वर 'अनकॉन्स्टिट्यू', खाली 'शनल'. शब्दकोशाचा ठिपका तिथे आहे. पोर्तुगीजमध्येही 'तु' आणि 'सि' तिथेच वेगळे होतात, म्हणून जुळारीबाबांचीही संमती आहे. पाटोच्या वाचकांनी सांगितलेला लॅटिनचा 'तिओन' अखंडपणे खालच्या ओळीत जातो. दोन्ही ओळींत कुठेही उलट अर्थाचा शब्द तयार होत नाही. कोणाची तक्रार असेल तर ती 'कॉन्स्टिट्यूट' या आजच्या इंग्रजी क्रियापदाची, कारण त्याचा शेवटचा टी त्याच्यापासून तुटतो.

बारदेशी बाय

त्या टीची जबाबदारी मी घेते. तसाही तो तिथे 'श' होऊन बसला आहे. त्याला आता मूळ घर ओळखू येणार नाही.

मुद्रितशोधक, फोंडा

अडचण एकच उरली होती. त्या ओळीत आठ अक्षरे आणि संयोगचिन्ह एवढीच जागा होती, आणि 'ट्यू'पर्यंत दहा अक्षरे होतात. संगणकावर काम करणाऱ्या मुलीने त्या ओळीतल्या शब्दांमधले अंतर किंचित कमी केले आणि दोन अक्षरे वर बसवली. तिच्या पाठीमागे उभे राहून जुळारीबाब पाहत होते. खिळ्यांच्या काळात हेच काम जाड स्पेस एकेक करून चिमट्याने काढून तिथे बारीक स्पेस घालून करावे लागे, आणि एका ओळीला पाव तास जाई, असे त्यांनी तिला सांगितले. मग त्यांनी तिच्याकडून पान ३७ उघडून घेतले, कारण तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेविषयी एक पोर्तुगीज उतारा आहे आणि त्यातले संयोगचिन्हांचे तोड त्यांना स्वतः तपासायचे होते.